जनरल मार्शल यांची दुसरी नोकरी

बिहार केडरमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला कधी ना कधी हजारीबागचे पठार येतेच. माझ्याही आले. रामगढ तेव्हा हजारीबाग जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा म्हणून ते २००७ साली वेगळे झाले. मार्च १९४० मध्ये मौलाना आझादांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन तिथे भरले होते, एवढेच मला रामगढबद्दल ठाऊक होते. पण गावाजवळ बुजुर्ग जमिरा येथे एक कब्रस्तान आहे आणि त्यात चिनी सैनिक पुरलेले आहेत, हे कळल्यावर मी चक्रावलो. छोटानागपूरच्या जंगलात चिनी सैनिक आले कुठून?

उत्तर १९४२ सालात सापडते. जपान्यांनी ब्रह्मदेश जिंकला तेव्हा सून ली-जेन यांची ३८ वी चिनी डिव्हिजन मागे हटत इंफाळला पोचली. जनरल स्टिलवेल या अमेरिकन सेनापतींनी तिला आणि तिच्या मागोमाग आलेल्या इतर तुकड्यांना रामगढला आणले. अन्न, निवारा व पगार ब्रिटिशांकडून, शस्त्रे आणि कवायत अमेरिकनांकडून, अशी वाटणी होती. याच फौजांनी पुढे उत्तर ब्रह्मदेशात लढून लेडो रस्ता मोकळा केला. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन जहाजांनी त्यांना थेट मांचुरियात नेऊन उतरवले आणि १९४६ च्या वसंतात त्या कम्युनिस्ट सैन्यावर चालून गेल्या. नेमक्या त्याच वेळी हा लढा थांबवण्याची पराकाष्ठा करीत एक वृद्ध अमेरिकन जनरल नानजिंगमध्ये बसला होता. स्टिलवेल यांना आशियात ज्याने धाडले, रामगढची छावणी ज्याच्या लष्करी यंत्रणेने चालवली, तोच हा माणूस. आपणच घडवलेली फौज आपण घडवून आणलेला तह मोडताना पाहण्याचा प्रसंग जॉर्ज कॅटलेट मार्शल यांच्यावर आला. रामगढच्या त्या कबरींमुळे मी मार्शल यांच्याविषयी वाचू लागलो आणि मग ते वाचन सुटले नाही.

आमच्या सेवेत एक वाद वारंवार निघतो: निवृत्त सेनापतीला राजदूत, मंत्री किंवा सुरक्षा सल्लागार करावे काय? करावे म्हणणारे हटकून मार्शल यांचे नाव पुढे करतात. लष्करप्रमुख, मग राष्ट्राध्यक्षांचे विशेष दूत, मग परराष्ट्रमंत्री, मग संरक्षणमंत्री, वर शांततेचे नोबेल पारितोषिक. उदाहरण बिनतोड वाटते. माझे म्हणणे एवढेच की ते चुकीच्या कारणासाठी दिले जाते. मार्शल रणांगणावरचे सेनापती नव्हतेच. त्यांनी लढाईत कधी डिव्हिजनसुद्धा चालवली नाही. ते आयुष्यभर कचेरीतले सैनिक होते, आणि मुलकी पदांवर त्यांच्या उपयोगी पडली ती कचेरीची शिस्त.

पेन्सिल्वेनियातील युनियनटाउन येथे ३१ डिसेंबर १८८० रोजी जन्मलेला हा मुलगा व्हर्जिनियाच्या लष्करी विद्यालयातून १९०१ मध्ये बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्याचे नाव झाले ते एका हालचालीच्या आखणीमुळे. सप्टेंबर १९१८ मध्ये एका आघाडीवरची लढाई संपते न संपते तोच लाखो माणसे, हजारो तोफा आणि घोडे दुसऱ्या आघाडीवर न्यायचे होते. मोजके रस्ते, प्रवास फक्त रात्री, हाती दोन आठवडेही नाहीत. कुंभमेळ्याचा बंदोबस्त ज्यांनी केला आहे त्यांना यातली बिकट बाजू सांगायला नको. पुढे १९२४ ते १९२७ तो चीनमधल्या तिआनजिन येथील अमेरिकन पलटणीत होता. कामापुरते चिनीही शिकला. मंदीच्या काळात रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी वनसंवर्धनाच्या छावण्या उघडल्या, त्या उभारण्याचे काम सैन्याकडे आले. बरोबरीच्या अनेक अधिकाऱ्यांना ते कमीपणाचे वाटे. मार्शल मात्र त्यात रमले. माझ्या समजुतीप्रमाणे सामान्य नागरिकांशी हुकमाविना कसे वागायचे हे ते तिथे शिकले.

१४ नोव्हेंबर १९३८ ची व्हाइट हाउसमधली बैठक प्रसिद्ध आहे. रूझवेल्ट यांना दहा हजार विमाने हवी होती. ती चालवायला माणसे, तळ, दारूगोळा याचा विचार नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. राष्ट्राध्यक्षांनी मार्शल यांना पहिल्या नावाने हाक मारून, तुम्हालाही पटते ना, असे विचारले. मार्शल म्हणाले, क्षमा असावी, मला मुळीच पटत नाही. बाहेर पडताना सहकाऱ्यांना वाटले, यांची नोकरी संपली. दहा महिन्यांच्या आत रूझवेल्ट यांनी त्यांनाच लष्करप्रमुख केले. शपथविधी झाला १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे जर्मनीने पोलंडवर चाल केली त्याच दिवशी. ही गोष्ट सांगताना सहसा अर्धीच सांगतात. मार्शल यांनी रूझवेल्ट यांच्याशी सलगी कायम टाळली. राष्ट्राध्यक्षांच्या विनोदांना हसायचे नाही, हे त्यांनी ठरवून पाळले. त्यांच्या हाइड पार्क येथील घरी मार्शल पहिल्यांदा गेले ते एप्रिल १९४५ मध्ये, रूझवेल्ट यांच्या दफनाला. वरिष्ठाला नाही म्हणायचे असेल तर त्याच्या पंगतीपासून दूर राहावे लागते. जिल्ह्यात काम केलेल्या कोणालाही हे नवे नाही.

लष्करप्रमुख झाले तेव्हा अमेरिकेचे खडे सैन्य दोन लाखांच्या आत होते, १९४५ मध्ये ते ऐंशी लाखांवर गेले. मार्च १९४२ मध्ये त्यांनी युद्धखात्याची पुनर्रचना केली. त्याआधी साठएक अधिकाऱ्यांना लष्करप्रमुखांच्या दालनात थेट जाण्याचा हक्क होता. तो काढून घेऊन भूदल, हवाईदल आणि पुरवठा अशा तीन प्रमुखांकडे रोजचे काम सोपवले गेले, आणि सरसेनापतीला विचार करायला वेळ मिळाला. डिसेंबर १९४३ मध्ये युरोपवरील स्वारीचे सेनापतिपद कोणाला द्यायचे हा प्रश्न आला. साऱ्यांची अटकळ मार्शल यांचीच होती. रूझवेल्ट यांनी त्यांना त्यांची इच्छा विचारली. त्यांनी ती सांगितली नाही. निर्णय आपण करावा, मी आनंदाने मानीन, एवढेच म्हणाले. ते पद आयसेनहॉवर यांना मिळाले, आणि मार्शल वॉशिंग्टनमधल्या मेजावर राहिले.

नोव्हेंबर १९४५ मध्ये ते निवृत्त झाले आणि पत्नीसह लीझबर्गच्या घरी राहायला गेले. आठवडा-दीड आठवडा गेला असेल नसेल, २७ नोव्हेंबरला ट्रूमन यांचा दूरध्वनी आला. चीनमधील राजदूत हर्ली यांनी तडकाफडकी राजीनामा दिला होता. आपण जाल का? मार्शल होय म्हणाले आणि फोन ठेवला. पत्नी विश्रांतीला वरच्या मजल्यावर निघाल्या होत्या. त्यांना ही बातमी कशी सांगावी या पेचाने त्यांनी अधिक बोलणेच टाळले, असे म्हणतात.

चीनची ही मोहीम त्यांच्या चरित्रकारांना अडचणीची वाटते, कारण ती फसली. मला ती सर्वांत बोधप्रद वाटते. सुरुवात थक्क करणारी होती. २० डिसेंबरला ते शांघायला उतरले आणि १० जानेवारी १९४६ ला युद्धविराम झाला. चँग कै-शेक सरकारचा एक प्रतिनिधी, कम्युनिस्टांचे चौ एन-लाय आणि मध्यस्थ मार्शल अशी तिघांची समिती. तह पाळला जातो की नाही हे बघायला पेकिंगमध्ये मुख्यालय, आणि तिथून प्रत्येक कुरबुरीच्या जागी तिघांचे पथक: एक अमेरिकन, एक सरकारी, एक कम्युनिस्ट. २५ फेब्रुवारीला सैन्यांच्या एकत्रीकरणाचा करार झाला. दीड वर्षाने साठ डिव्हिजन राहतील, त्यांत पन्नास सरकारच्या आणि दहा कम्युनिस्टांच्या. मार्चच्या आरंभी मार्शल येनानला जाऊन माओंना भेटले. वॉशिंग्टनमध्ये त्यांनी डीन अ‍ॅचिसन यांना आपली पिछाडी सांभाळायला बसवले होते. चीनहून तार आली की कोणत्या खात्यात ती अडकली हे बघायला एक अधिकारी तिथे नेमलेला. दूर बदली झालेल्या माणसाला मंत्रालयात आपले म्हणणे पुढे नेणारे कोणी असावे लागते, हे मार्शल यांना पक्के ठाऊक होते.

दोष कागदावर नव्हता. तो कागदाबाहेर होता. डिसेंबरमध्ये निघण्यापूर्वी मार्शल यांनी ट्रूमन आणि परराष्ट्रमंत्री बर्न्स यांना एक सरळ प्रश्न विचारला होता. कम्युनिस्ट अडून बसले तर आपण चँग यांच्या पाठीशी उभे राहू, हे स्पष्ट आहे. पण चँग यांनीच तडजोड नाकारली तर? ठरले असे की तरीही अमेरिका चँग यांनाच पाठिंबा देईल. हे वाक्य त्यांच्या लेखी आदेशात नाही. मध्यस्थाच्या हातातले एकमेव हत्यार निघण्यापूर्वीच काढून घेतले गेले होते, आणि चँग यांना ते न सांगताही कळले होते. सरकारी नोकरीत तोंडी मिळालेली सूचना लेखी आदेशाला कशी पोखरते याचे एवढे मोठे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

मार्चमध्ये कर्जाची व्यवस्था करायला मार्शल अमेरिकेला गेले. १८ एप्रिलला ते परतले, त्याच दिवशी रशियन फौजांनी सोडलेले चांगचुन कम्युनिस्टांनी घेतले. मग सिपिंगची लढाई महिनाभर चालली. ती लढणाऱ्या सरकारी फौजेत रामगढला शिकलेले सैनिक होते. मेच्या मध्यावर कम्युनिस्ट हटले, २३ मेला चांगचुन सरकारच्या हाती आले. चँग कै-शेक विमानाने मुकडेनला गेले आणि जूनच्या आरंभापर्यंत तिथेच राहिले. फौज पुढे सरकत होती आणि नानजिंगमध्ये मार्शल तारांवर तारा पाठवीत होते की ही आगेकूच चालू राहिली तर मध्यस्थ म्हणून माझी सचोटीच संशयास्पद ठरेल. जूनमध्ये पंधरा दिवसांचा विराम मिळाला, महिनाअखेरपर्यंत वाढला, आणि मग काहीच उरले नाही. उन्हाळ्यात चँग लुशानच्या डोंगरावर राहायला गेले. पासष्टीचे मार्शल विमान, बोट, मोटार आणि शेवटी पालखी असा प्रवास करून आठ-नऊ वेळा वर गेले. जुलैअखेर त्यांनी शस्त्रास्त्रांच्या निर्यातीवर बंदी घालून पाहिली. तिचा उपयोग एवढाच झाला की पुढे चँग यांच्या अमेरिकन पाठीराख्यांना पराभवाचे खापर फोडायला एक डोके मिळाले. ८ जानेवारी १९४७ रोजी ते चीन सोडून निघाले. निघताना काढलेल्या पत्रकात त्यांनी दोन्ही बाजूंच्या कडव्या लोकांना दोष दिला. रामगढच्या त्या फौजांचा १९४८ च्या शरदात मांचुरियात पूर्ण नाश झाला.

इथे एक भारतीय तुलना सुचते. कोरियातील युद्धबंद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी १९५३ मध्ये पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते. बंद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांवर बंदी, दोन्ही बाजूंचा संशय, छावण्यांतली गुंडगिरी. तरी ते काम फेब्रुवारी १९५४ पर्यंत पार पडले. थिमय्या आणि थोरात मार्शल यांच्यापेक्षा मोठे मुत्सद्दी होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कामाला लेखी चौकट होती, मुदत होती, आणि मुख्य म्हणजे दोन्ही पक्षांना युद्ध संपलेले हवे होते. चीनमध्ये दोन्ही पक्षांना वाटत होते की आपण जिंकू. अशा ठिकाणी तीन माणसांचे पथक गोळीबाराची वेळ टिपून ठेवू शकते, त्याहून अधिक काही नाही.

अपयशी दूताला बढती मिळत नाही, असा आपला अनुभव. मार्शल यांना मिळाली. २१ जानेवारी १९४७ रोजी त्यांनी परराष्ट्रमंत्री म्हणून शपथ घेतली. सिनेटने सुनावणीही न घेता एकमताने संमती दिली होती. त्या खात्याची तेव्हाची अवस्था ओळखीची वाटेल. विभागप्रमुख ज्याचे त्याचे संस्थानिक, कागद कोणाकडे आहे ते कळत नाही, आणि मंत्र्यांपुढे प्रश्न येतो तो शिफारशीविना. मार्शल यांनी पहिल्याच दिवसांत अ‍ॅचिसन यांना सांगितले की सारे कागद तुमच्यामार्फतच येतील, आणि माझ्याशी बोलताना भीड बाळगू नका; भावना दुखावून घेण्याचा हक्क मी फक्त पत्नीसाठी राखून ठेवला आहे. सैन्यातले कर्नल ह्युमेलसाइन यांना आणून त्यांनी कार्यकारी सचिवालय नीट बसवले. खाते व्हाइट हाउसशेजारच्या जुन्या वास्तूतून फॉगी बॉटमच्या इमारतीत हलवायचे की नाही याचा काथ्याकूट बराच चालला होता. मार्शल यांनी एका बैठकीत हलवा म्हणून सांगितले. चर्चेचे गुऱ्हाळ त्यांना सोसत नसे. प्रश्नाशी झुंजत बसू नका, तो निकालात काढा, हा त्यांचा कित्ता कनिष्ठ मंडळींच्या कायम लक्षात राहिला.

मॉस्कोच्या परिषदेत दीड महिना घालवून ते एप्रिलच्या अखेरीस परतले. जर्मनीबद्दल काहीच ठरले नव्हते, आणि स्टालिनना त्याची घाई नाही हे त्यांना दिसले होते. युरोपात कोळसा नव्हता, धान्य नव्हते, डॉलर तर नव्हतेच. मार्शल यांनी जॉर्ज केनन यांना बोलावून ५ मेपासून धोरण आखणारा स्वतंत्र कक्ष सुरू करायला लावला. क्षुल्लक गोष्टींत शिरू नका, एवढीच त्यांची सूचना. लष्करात आखणी करणारे आणि लढणारे वेगळे असतात. परराष्ट्र खात्यात तोवर ही सोय नव्हती. केनन यांचा अहवाल २३ मेला तयार झाला, क्लेटन यांचे टिपण त्यामागोमाग आले, बोहलेन यांनी दोन्हींतून भाषणाचा मसुदा केला आणि ५ जून १९४७ रोजी हार्वर्डमध्ये मार्शल यांनी ते वाचून दाखवले. भाषण जेमतेम दहा-बारा मिनिटांचे. त्यात एकही रक्कम नव्हती. योजना युरोपने आपसात बसून करावी, आम्ही मदत करू, हा त्याचा गाभा. चीनमध्ये पोळलेला माणूस या वेळी आधी समोरच्यांची तयारी मागत होता. हा दुवा मला ग्रंथांत ठळकपणे मांडलेला आढळला नाही, पण तो आहे अशी माझी खात्री आहे. सोळा देश पॅरिसला जमले, ३ एप्रिल १९४८ ला कायदा झाला, चार वर्षांत सुमारे तेरा अब्ज डॉलर खर्च झाले. अंमलबजावणी परराष्ट्र खात्याकडे न ठेवता वेगळी संस्था काढून पॉल हॉफमन या उद्योजकाकडे दिली गेली, हेही विसरू नये.

१२ मे १९४८ चा प्रसंग निराळ्या जातीचा आहे. पॅलेस्टाइनमधला ब्रिटिश अंमल दोन दिवसांत संपणार होता. नव्या ज्यू राष्ट्राला लगेच मान्यता द्यावी असे ट्रूमन यांचे सल्लागार क्लार्क क्लिफर्ड मांडत होते. मार्शल यांचा विरोध कडक होता. परराष्ट्र धोरणाच्या बैठकीत हा राजकीय सल्लागार कशाला, असे त्यांनी उघड विचारले आणि पुढे जाऊन म्हणाले की आपण हा सल्ला मानलात आणि निवडणुकीत मी मत देणार असलो, तर ते आपल्याविरुद्ध देईन. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर असे बोलणारा मंत्री विरळाच. १४ मेला ट्रूमन यांनी इस्राएलला मान्यता दिली. मित्रांनी मार्शल यांना राजीनामा द्या म्हटले. त्यांनी उत्तर दिले की ज्याला निर्णयाचा घटनात्मक अधिकार आहे त्याने तो वापरला म्हणून कोणी राजीनामा देत नसतो. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मार्शल यांचे त्या दिवशीचे भाकीत सगळे बरोबर होते असेही नाही, आणि राजकारण या शब्दाचा त्यांना असलेला तिटकारा लोकशाहीतल्या मंत्र्याला थोडा महागच पडतो. निवडून आलेल्या माणसाने मतदारांचा विचार करणे हा गुन्हा नव्हे. आम्हा नोकरशहांना हा मुद्दा गळी उतरवून घ्यायला वेळ लागतो. मार्शल यांनाही तो पुरता उतरला नव्हता.

मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर जानेवारी १९४९ मध्ये ते पायउतार झाले. कोरियात युद्ध भडकले आणि सप्टेंबर १९५० मध्ये ट्रूमन यांनी त्यांना पुन्हा बोलावले, या वेळी संरक्षणमंत्री म्हणून. इथे कायदा आडवा आला. १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याप्रमाणे मागील दहा वर्षांत सैन्यात अधिकारी असलेल्याला हे पद देता येत नव्हते, आणि पंचतारांकित जनरल तर तहहयात सेवेत मानला जाई. काँग्रेसला केवळ मार्शल यांच्यापुरता वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्यातच लिहून ठेवले गेले की हा पायंडा समजू नये. यांच्यानंतर या पदावर लष्करी माणूस नेमू नये असे काँग्रेसचे मत आहे. तो बांध बरीच वर्षे टिकला. २००८ मध्ये दहा वर्षांची अट सातवर आली, आणि २०१७ मध्ये जनरल मॅटिस व २०२१ मध्ये जनरल ऑस्टिन यांच्यासाठी पुन्हा सूट द्यावी लागली. प्रत्येक वेळी मार्शल यांचेच नाव घेतले गेले. पायंडा पाडू नका असे ज्यात लिहिले होते तोच कागद पायंडा म्हणून दाखवला गेला. फाइलींच्या जगात याचेही आश्चर्य नाही.

भारतात असा कायदा नाही, तशी वेळही आलेली नाही. आपण निवृत्त प्रमुखांना परदेशी पाठवले: कॅरिअप्पा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला, चौधरी कॅनडाला, हवाईदलाचे अर्जन सिंग स्वित्झर्लंड आणि केनियाला, बेवूर डेन्मार्कला. या नेमणुका सन्मानाच्या होत्या. धोरण घडते त्या दिल्लीपासून त्या लांबही होत्या, आणि ते अगदीच योगायोगाने झाले असे मला वाटत नाही. १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाल्यापासून सल्लागाराचे पद परराष्ट्र सेवेच्या किंवा पोलीस सेवेच्या माणसाकडे गेले आहे: मिश्रा, दीक्षित, नारायणन, मेनन, डोवाल. १ जानेवारी २०२० पासून मात्र संरक्षणदलप्रमुख हे लष्करी व्यवहार खात्याचे सचिवही झाले. गणवेशातला माणूस भारत सरकारचा सचिव, ही आपल्या व्यवस्थेतली केवढी मोठी गोष्ट आहे याची चर्चा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. त्या खुर्चीला लढाईच्या अनुभवाइतकीच गरज मार्शल यांच्या त्या कार्यकारी सचिवालयाची आहे.

संरक्षणमंत्री म्हणून मार्शल यांच्यापुढे आलेला सर्वांत कठीण प्रश्न जनरल मॅकार्थर यांचा. एप्रिल १९५१ मध्ये ट्रूमन यांनी त्यांना बडतर्फ करण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा मार्शल यांनी सबुरीचा सल्ला दिला. काँग्रेसमध्ये खर्चाची विधेयके अडतील अशी त्यांना धास्ती होती. ट्रूमन यांनी त्यांना सांगितले की गेल्या दोन वर्षांतला मॅकार्थर यांचा सगळा पत्रव्यवहार वाचून या. मार्शल यांनी तो वाचला आणि परत येऊन म्हणाले की या माणसाला दोन वर्षांपूर्वीच काढायला हवे होते. हकिकत ट्रूमन यांची आहे, त्यामुळे तीत थोडे मीठमसाला असणारच. पण एका सैनिकाने दुसऱ्या सैनिकाविषयीचे मत फाइल वाचून बदलावे, ही मला त्यांच्या चरित्रातली फार मोठी गोष्ट वाटते. ११ एप्रिलला बडतर्फीचा हुकूम निघाला, आणि मे महिन्यात सिनेटच्या समितीपुढे कित्येक दिवस साक्ष देऊन मार्शल यांनी त्याचे समर्थन केले.

त्याची किंमत चुकवावी लागली. १४ जून १९५१ रोजी सिनेटर मॅकार्थी यांनी सुमारे साठ हजार शब्दांचे भाषण सभागृहापुढे ठेवले. चीन कम्युनिस्टांच्या घशात गेला तो मार्शल यांच्या कारस्थानामुळे, असा त्याचा रोख. चौ एन-लाय यांच्याबरोबर केलेली बोलणी, ती शस्त्रबंदी, सारे पुराव्यादाखल. मार्शल यांनी उत्तर दिले नाही. इतक्या वर्षांनंतर मी देशद्रोही नाही हे सिद्ध करायची पाळी आली तर ते करण्यात अर्थ नाही, असा त्यांचा सूर होता. सप्टेंबरमध्ये ते पदावरून निवृत्त झाले. पुढल्या वर्षी आयसेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. ३ ऑक्टोबर १९५२ रोजी मिल्वॉकीत, म्हणजे मॅकार्थी यांच्याच राज्यात, त्यांना बोलायचे होते. भाषणात मार्शल यांची बाजू घेणारा एक परिच्छेद होता. सल्लागारांच्या आग्रहावरून तो गाळला गेला, आणि गाळल्याची बातमी फुटली. ज्याने आपल्या वाट्याचे सेनापतिपद न मागता आयसेनहॉवर यांना मिळू दिले, त्याच्यासाठी एक परिच्छेदही वाचला गेला नाही, हे ट्रूमन यांना सहन झाले नाही. त्यांनी भरसभेत झोडपून काढले आणि दोघांतले बोलणे पुढे जवळजवळ तुटले. मार्शल या विषयावर जाहीरपणे काही बोलले नाहीत.

१९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आठवणी लिहिण्यासाठी प्रकाशकांनी दहा लाख डॉलरच्या वर रक्कम देऊ केली होती, ती त्यांनी आधीच नाकारली होती. १६ ऑक्टोबर १९५९ रोजी ते गेले. आपल्या अंत्यविधीबद्दल त्यांनी मोजक्या ओळींची सूचना लिहून ठेवली होती: शासकीय इतमामाचा सोहळा नको, पार्थिव दर्शनाला ठेवू नये, गुणगौरवाचे भाषण नको. फोर्ट मायरच्या छोट्या प्रार्थनागृहात चार दिवसांनी विधी झाला. तिथे एकाच बाकावर शेजारी शेजारी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर आणि हॅरी ट्रूमन बसले होते.